आमदारकीचा हिशेब आणि पंचेचाळीस दिवस

हिवाळी अधिवेशन जवळ आले की सिव्हिल लाइन्सपासून वर्धा रोडपर्यंत फलक लागतात, आणि त्यांवरच्या 'सलग इतक्या वेळा', 'विक्रमी मताधिक्य' या शब्दांमागोमाग माझ्याकडे येणारी पत्रेही वाढतात. निवडणूकविषयक दाव्यांचे काम नागपूर खंडपीठात अनेक वर्षे करत असल्यामुळे मला एवढे ठाऊक आहे की यातील निम्मे प्रश्न एकाच गैरसमजातून येतात: आमदाराची कारकीर्द म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती तारीख असलेल्या कागदांची मालिका असते. यंदा आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

नितीन गडकरी १९९५ च्या युती सरकारात सार्वजनिक बांधकाम मंत्री होते, तेव्हा ते नागपुरातील कोणत्या विधानसभा मतदारसंघाचे आमदार होते? (धरमपेठ)

कोणत्याही नाही. ते १९८९ ते २०१४ या काळात नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेचे सदस्य होते.

आमच्या भागातील एका नेत्याच्या फलकावर 'पाच वेळा आमदार, पंचवीस वर्षे सेवा' असे लिहिले आहे. पाच वेळा म्हणजे पंचवीस वर्षे हा हिशेब बरोबर ना? (काटोल)

बरोबर असेलच असे नाही. विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते, पण ती निकालाच्या दिवसापासून नव्हे, तर पहिल्या बैठकीसाठी नेमलेल्या दिवसापासून मोजली जाते, आणि सभागृह आधी विसर्जित झाले तर तेथेच संपते. १९७८ साली निवडून आलेली विधानसभा फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाली. तेव्हाच्या आमदाराची 'एक टर्म' जेमतेम दोन वर्षांची आहे. १९९५ चे सभागृहही पाच वर्षे पुरी करू शकले नाही, १९९९ च्या सप्टेंबरमध्येच मतदान झाले.

'सलग' हा दुसरा शब्द, आणि तोही तपासूनच घ्यावा. आपल्याच काटोलचे उदाहरण घ्या. अनिल देशमुख १९९५ साली अपक्ष म्हणून निवडून आले, पुढे १९९९, २००४ आणि २००९ मध्ये राष्ट्रवादीकडून जिंकले, २०१४ मध्ये पुतणे आशिष देशमुख यांच्याकडून हरले आणि २०१९ मध्ये पुन्हा आले. पाच विजय खरे आहेत, परंतु ते सलग नाहीत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले तरी १९७२ आणि १९९५ हे दोन पराभव त्यांच्या नोंदीत आहेतच, आणि त्यामुळे त्यांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. पराभव लपवण्याची हौस नेत्यांपेक्षा फलक छापणाऱ्यांना अधिक असते.

विधानसभा आणि विधान परिषद यांची सरमिसळही थांबवावी. चंद्रशेखर बावनकुळे कामठीतून २००४, २००९, २०१४ आणि २०२४ साली विधानसभेवर निवडून आले, मधल्या काळात, डिसेंबर २०२१ मध्ये, नागपूर स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून परिषदेवर गेले. परिषदेच्या त्या निवडणुकीत मतदार होते ते नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य यांसारखे लोकप्रतिनिधी. दोन्ही आमदारक्याच, पण एका बेरजेत टाकण्याजोग्या नाहीत.

देवेंद्र फडणवीस यांचा मतदारसंघ एके ठिकाणी नागपूर पश्चिम आणि दुसरीकडे नागपूर दक्षिण-पश्चिम दाखवतात. यातील चूक कोणती? (त्रिमूर्तीनगर)

दोन्ही बरोबर आहेत. १९९९ आणि २००४ साली ते नागपूर पश्चिममधून निवडून आले. २००८ च्या परिसीमन आदेशानंतर दक्षिण-पश्चिम हा मतदारसंघ नव्याने झाला आणि २००९ पासून ते तेथून निवडून येत आहेत. पुनर्रचनेपूर्वीचे आणि नंतरचे मताधिक्य शेजारी मांडून 'जनाधार वाढला' किंवा 'घटला' म्हणणे व्यर्थ आहे, कारण हद्दच बदललेली असते. 'पश्चिम' हे नाव कायम राहिले, पण आजचे पश्चिम म्हणजे २००४ चे पश्चिम नव्हे.

माझे आजोबा १९५२ साली नागपुरातून विधानसभेला उभे होते. महाराष्ट्राच्या निकालांत त्यांचे नाव सापडत नाही. ते उभेच नव्हते, असे आता नातेवाईक म्हणू लागले आहेत. (महाल)

नातेवाइकांनी थोडा धीर धरावा. १९५२ साली नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, म्हणून त्या निवडणुकीचे निकाल मध्य प्रदेश विधानसभेच्या अहवालात पाहावे लागतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, त्यामुळे १९५७ चे निकाल मुंबई राज्याच्या नावाखाली आहेत. महाराष्ट्राच्या नावाने शोध घ्याल तर तो १९६२ पासूनच सुरू होईल. भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर हे सांख्यिकी अहवाल विनामूल्य उपलब्ध आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या दोन निवडणुकांत काही मतदारसंघ द्विसदस्य होते, म्हणजे एका मतदारसंघातून दोन आमदार निवडले जात. अशा यादीत पहिल्या नावाखालचा माणूस पराभूत झाला, असे समजून अनेकांनी आपल्या घरच्या आमदाराला स्वतःच्या हाताने पाडले आहे. नावांची इंग्रजी वर्तनी त्या काळी मनमानी असे, तेव्हा आडनाव तीन-चार प्रकारे शोधा. तरीही अडचण आली तर विधिमंडळाच्या ग्रंथालयाकडे लेखी विनंती करा.

डिपॉझिट जप्त होण्यासाठी किती मते कमी पडावी लागतात? (हिंगणा)

एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली नाहीत तर अनामत रक्कम जाते, 'नोटा'ची मते वैध मतांत धरत नाहीत.

उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्राची प्रत हवी होती. एका एजंटाने 'आतून काढून देतो' म्हणून पंधराशे रुपये मागितले. हा दर योग्य आहे का? (उमरेड)

शून्य रुपये हा योग्य दर आहे. नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्र उमेदवारी अर्जासोबत दाखल होते आणि आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचण्यासाठी व उतरवून घेण्यासाठी ठेवले जाते. 'आतून' काढण्यासारखे त्यात काही नसते. संकेतस्थळावरील कागद छापून त्यावर गोल शिक्का मारून विकण्याचा धंदा मी पाहिला आहे. तो शिक्का झेरॉक्सच्या दुकानाचा होता. न्यायालयात दाखल करण्यासाठी प्रमाणित प्रत लागत असेल तर निवडणूक निर्णय अधिकारी अथवा जिल्हा निवडणूक कार्यालयाकडे अर्ज करा आणि भरलेल्या शुल्काची पावती घ्या.

आमच्या आमदारांनी प्रतिज्ञापत्रात एक मालमत्ता दाखवली नाही, याचा पुरावा माझ्याकडे आहे. त्यांची आमदारकी रद्द करण्यासाठी कोठे तक्रार करावी? निकाल लागून आठ महिने झाले आहेत, पण पुरावा पक्का आहे. (पूर्व नागपूर)

हे पत्र मला दर निवडणुकीनंतर येते, नाव आणि मतदारसंघ तेवढा बदलतो. त्यामुळे येथे थोडे विस्ताराने लिहितो.

विधानसभेच्या निवडणुकीला आव्हान देण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे उच्च न्यायालयातील निवडणूक याचिका. पोलीस ठाणे, जिल्हाधिकारी, आयोगाचे पोर्टल, मंत्रालयातील ओळखीचे साहेब, यांपैकी कोणीही निवडणूक रद्द करू शकत नाही. ही याचिका लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ८१ नुसार निकाल जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांत दाखल व्हावी लागते, आणि दिवाणी दाव्यात विलंब माफ होतो तसा तो येथे होत नाही. आजारपण, प्रवास, घरातील लग्न, 'पुरावा नंतर मिळाला', यातील एकही कारण चालत नाही. २०२४ चे निकाल २३ नोव्हेंबरला लागले, म्हणजे मुदत ७ जानेवारी २०२५ ला संपली.

त्या जानेवारीत संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ माझ्या कार्यालयात आले. एका हातात तिळगुळाची पुडी, दुसऱ्या हातात निळी प्लास्टिकची फाइल. फाइलमध्ये सातबारा होता, फेरफार होता, प्रतिज्ञापत्रातील संबंधित पानावर लाल शाईने गोल केलेला होता. असे व्यवस्थित लावलेले कागद मी क्वचितच पाहिले आहेत. मी त्यांना तारीख विचारली. ते म्हणाले, 'सण झाल्यावर निवांत येऊ म्हटलं.' आठवडाभर उशीर झाला होता. त्यांच्या कागदांचे निवडणूक याचिकेपुरते मोल संपले होते, आणि त्यांना ते समजावून सांगण्यात माझा अर्धा तास गेला. पूर्व नागपूरच्या वाचकांनी तर आठ महिने घालवले आहेत.

मुदत पाळली तरी काम संपत नाही. याचिका त्या निवडणुकीतील उमेदवार किंवा त्या मतदारसंघाचा मतदारच दाखल करू शकतो. दक्षिण-पश्चिमच्या मतदाराला हिंगण्याच्या निकालाविरुद्ध याचिका करता येत नाही. तिच्यात ठोस वस्तुस्थिती मांडावी लागते, भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर विहित नमुन्यातील वेगळे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते, प्रत्येक प्रतिवादीसाठी याचिकाकर्त्याने स्वतः सही करून प्रमाणित केलेली प्रत द्यावी लागते आणि २,००० रुपयांची सुरक्षा अनामत भरावी लागते. ही अनामत भरली नाही किंवा आवश्यक प्रतिवादी वगळले, तर न्यायालय गुणदोषांत न जाता याचिका फेटाळते. म्हणूनच निकालानंतरच्या पहिल्याच आठवड्यात वकिलाकडे जा, असे मी सांगतो. त्याला मसुद्यासाठी वेळ लागतो, तुम्हाला आणखी कागद मिळवावे लागतात, आणि मधे नाताळ येतो.

आता दुसरा मार्ग. कलम १२५अ नुसार प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही फौजदारी तक्रार असते आणि तिला ४५ दिवसांची मर्यादा नाही, परंतु तिने निवडणूक आपोआप रद्द होत नाही. येथे आपल्या शहरातीलच उदाहरण आहे. २०१४ च्या प्रतिज्ञापत्रात दोन प्रलंबित प्रकरणे नमूद न केल्याबद्दल फडणवीस यांच्याविरुद्ध तक्रार झाली, सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी ती पुढे चालण्याचा मार्ग मोकळा केला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायदंडाधिकारी न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. या काळात ते २०१९ ची निवडणूक लढले आणि जिंकलेही. समाजमाध्यमांवर या प्रकरणाचा पहिला अर्धा भाग एक गट फिरवतो आणि दुसरा अर्धा दुसरा गट. संपूर्ण निकालपत्र वाचून माझ्याकडे आलेला माणूस मला अद्याप भेटायचा आहे.

तुमच्या बाबतीत 'पक्का पुरावा' म्हणजे काय, हेही तपासावे लागेल. न दाखवलेली प्रत्येक वस्तू निवडणूक रद्द करण्याएवढी मोठी नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या एका निकालात, उमेदवाराने आपली प्रत्येक जंगम वस्तू जाहीर केलीच पाहिजे असे नाही, तिचे मूल्य आणि महत्त्व पाहावे लागते, असे स्पष्ट केले आहे. जमिनीचा तुकडा वारसाहक्काने आलेला आहे काय, अर्जाच्या दिवशी नावावर होता काय, तो पती किंवा पत्नीच्या रकान्यात दाखवला आहे काय, हे आधी पाहा. तक्रार करण्यापूर्वी फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला मूळ कागद दाखवा. मोबाइलवरील छायाचित्रे दाखवू नका.

सुनील केदार यांची आमदारकी न्यायालयाने रद्द केली की विधानसभा अध्यक्षांनी? आणि जामीन मिळाला की आमदारकी परत येते, हे खरे का? (सावनेर)

अपात्रता कायद्यानेच लागू होते. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली की कलम ८(३) नुसार सदस्य अपात्र ठरतो, आणि २०१३ च्या लिली थॉमस निकालापासून त्याला अपिलापुरती तीन महिन्यांची सवलतही राहिलेली नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या प्रकरणात २२ डिसेंबर २०२३ रोजी त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. विधिमंडळाने त्यानंतर काढली ती जागा रिक्त झाल्याची अधिसूचना. जामीन मिळाल्याने किंवा शिक्षा स्थगित झाल्याने आमदारकी परत येत नाही, दोषसिद्धीलाच स्थगिती मिळावी लागते. या दोन स्थगितींतील फरक चहाच्या टपरीवर समजत नाही. तो समजून घ्यायचा असेल तर आदेशाची शेवटची दोन पाने वकिलाकडून वाचून घ्या.

जागा रिक्त झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायलाच हवी ना? (कळमेश्वर)

नियम तोच आहे, पण उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर तो लागू होत नाही. ही मुदत कशी मोजायची यावर वाद झाले आहेत आणि ते आपल्याच खंडपीठात गाजले: २०१९ मध्ये काटोलची आणि २०२४ मध्ये अकोला पश्चिमची जाहीर झालेली पोटनिवडणूक न्यायालयीन आदेशामुळे होऊ शकली नाही. प्रचाराची वाहने ठरवण्याआधी अधिसूचना आणि त्यावरील याचिकांची स्थिती तपासा.

आमदार निधीचे पैसे आमदाराच्या बँक खात्यात जमा होतात का? (कामठी)

नाही. आमदार कामे सुचवतात, मंजुरी आणि निधी वितरण जिल्हा प्रशासनाकडून होते. कामनिहाय यादी हवी असेल तर जिल्हा नियोजन कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा.

एका आमदारांनी जाहीर सभेत राजीनामा दिला, त्याची चित्रफीतही माझ्याकडे आहे. तरी ते अधिवेशनात बसलेले दिसतात. हे बेकायदेशीर नाही का? (जरीपटका)

सभेत दिलेला राजीनामा हा राजीनामा नव्हे. तो सहीनिशी लेखी स्वरूपात विधानसभा अध्यक्षांकडे द्यावा लागतो आणि तो स्वेच्छेने दिलेला व खरा आहे याची खात्री झाल्यावर अध्यक्ष स्वीकारतात. स्वीकृतीची तारीख विधानमंडळ सचिवालयाकडे लेखी विचारा, चित्रफीत जपून ठेवण्याची गरज नाही.