तिच्या जागी दुसरं कोण उभं राहणार?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीची. मुलगा-सून टेक्सासला प्लेनोजवळ असतात, नात हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी तिथे होते तर पोरगी पहाटे साडेपाचला उठून प्रॅक्टिसला जायची आणि परत यायची ती उन्हानं लालबुंद होऊन. शाळा सुरू झाली तरी संध्याकाळी तेच, शुक्रवारी मॅच म्हणून घरी यायला रात्रीचे अकरा, शनिवारी स्पर्धा. सूनबाई पण पाण्याच्या बाटल्या भरायला मैदानावर. मुलगा म्हणतो अभ्यास बुडतोय, बंद करा, की नात रडायला लागते. आपल्याकडे बँड म्हणजे लग्नाच्या वरातीतला, त्यासाठी एवढा जीव काढायचा? ऑक्टोबरात परत जातेय, मी कुणाची बाजू घ्यायची?
– एक आजी

उत्तर : आजी, नातीची घ्या. पण का ते नीट सांगते, म्हणजे मुलाशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी हातात असेल.

मी ह्यूस्टनच्या बाजूला चौदा वर्षं राहिले, माझा मुलगा चार वर्षं बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा, त्यामुळे ते लालबुंद चेहरे मला चांगले माहीत आहेत. बघा, हा बँड अमेरिकन फुटबॉलच्या मॅचच्या मध्यंतरात मैदानात उतरतो, वाजवत वाजवत चालतो आणि पोरांच्या रांगांतून चित्रं उभी करतो. त्या मैदानावर दर 5 यार्डांवर पांढरी रेघ असते आणि पोरांना त्या 5 यार्डांत बरोबर 8 पावलं टाकायची असतात, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचाचं, उंच पोराचंही तेवढंच आणि बुटक्या पोरीचंही तेवढंच. टाच आधी टेकवायची, मग पाय हळूच पुढे लोळवत चवड्यावर आणायचा, कारण पाय आपटला की तोंडातलं वाद्य हलतं आणि सूर थरथरतो. कमरेखाली चालणं आणि कमरेवर अंग स्थिर, ते पण कधी मागे, कधी तिरकं जाताना, आणि वाजवायचं सगळं पाठ. शो असतो फार तर सात-आठ मिनिटांचा. त्या सात-आठ मिनिटांसाठी अख्खा सीझन जातो.

आता खरी गोष्ट. प्रत्येक पोराचा एक डॉट असतो, म्हणजे मैदानावरची त्याची नेमकी जागा, अमुक यार्डाच्या रेघेपासून दोन पावलं आत, तमुक खुणेपासून चार पावलं मागे, असं. एका शोमध्ये अशा कितीतरी जागा बदलायच्या असतात आणि त्या सगळ्या वहीत नाहीतर फोनवर लिहून पाठ केलेल्या असतात. फुटबॉलच्या टीममध्ये बाकावर बसलेली राखीव पोरं असतात तशी इथे सहसा नसतात, सगळे मैदानात. तुमची नात एक दिवस आली नाही तर तिच्या जागी भोक दिसतं, वर गॅलरीत बसलेल्याला लगेच दिसतं, आणि शेजारचे दोघं अंतर कुणाला धरून ठेवणार? पंधरा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा कळतं की मी नसले तर दीडशे जणांचं चित्र बिघडतं. ती रडते ती म्हणून रडते, हट्ट नाहीये तो.

पुण्यात गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव बघितला असेल तर तुम्हाला हे सांगायला नको, दिवसभर नोकरी करून पोरं-पोरी रात्री नदीकाठी ढोल कमरेला बांधून उभी असतात आणि ठेका चुकला की पुन्हा पहिल्यापासून. बँडमध्ये या ‘पुन्हा पहिल्यापासून’ला शब्द आहे ‘रिसेट’, दिवसातून शंभरदा ऐकू येतो.

अभ्यासाचं म्हणाल तर टेक्सासमध्ये 1984 पासून कायदाच आहे, एखाद्या विषयात शंभरपैकी 70 च्या खाली गेलं की साधारणपणे स्पर्धेत उतरताच येत नाही, त्यामुळे सीनियर पोरं ज्युनियरना बसमध्ये गणित शिकवताना मी स्वतः पाहिलीत. आणि शाळा सुरू झाल्यावर शाळेच्या वेळेबाहेरची प्रॅक्टिस आठवड्याला 8 तासांच्या वर घेता येत नाही. मुलाला हे सांगा. बँडमुळे पीईचं, म्हणजे शारीरिक शिक्षणाचं, क्रेडिटही मिळू शकतं, ते शाळेत विचारून घ्यायला सांगा.

पण मुलाचंही सगळं चूक नाही हो. पैसे जातात, वेळ जातो, ऊन तर खरंच भयंकर. माझ्या मुलाच्या दुसऱ्या वर्षी एका मुलीला चक्कर आली तरी तिला रांगेतच उभं ठेवलं होतं, तेव्हा आम्ही पालकांनी भांडून सावलीतले ब्रेक वाढवून घेतले, आणि हे भांडायलाच पाहिजे. सूनबाई बाटल्या भरते ना, त्याला हलकं समजू नका. तुम्ही गेलात की लिंबू-मीठ-साखरेचं सरबत करून द्या आणि झोपेवर लक्ष ठेवा, मार्कांपेक्षा आधी झोप जाते.

शुक्रवारी मॅचला जा. खाली पुढच्या बाकावर नका बसू, वर चढून बसा, चित्र वरूनच दिसतं. जाण्याआधी नातीला विचारून ठेवा पहिल्या सेटला, म्हणजे पहिल्या चित्रात, तू कुठल्या रेघेवर, आणि मग आठ मिनिटं फक्त तिच्याकडे बघा.

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी चौदाची, तिला शाळेच्या चीअरलीडिंगची ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, द्यायचीय. सासूबाई म्हणतात आयपीएलमध्ये नाचतात तसं करणार का. काय सांगू?
– एक आई

उत्तर : 2008 ला आयपीएल आलं आणि आपल्या डोक्यात तेवढंच चित्र बसलं, सासूबाईंचा दोष नाही. त्यांना सांगा की हे सुरू केलं एका मुलानं, 1898 ला मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्यानं प्रेक्षकांसमोर उभं राहून घोषणा द्यायला घेतल्या, मुली तिथे आल्या त्या 1920 च्या दशकात.

आणि मग त्यांना दहीहंडीचा खालचा थर आठवायला सांगा. चीअरमध्ये वर चढते ती फ्लायर, खाली पेलतात त्या बेस, मागून डोकं-मान सांभाळते ती बॅक स्पॉट. शाळेच्या नियमात दोन थरांच्या वर जात नाहीत, तरी पडलं की डोक्याला लागू शकतं, म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 2012 मध्ये सांगितलं होतं की याला खेळ म्हणून मान्यता द्या, म्हणजे ट्रेनर, डॉक्टर, चांगली जागा हे सगळं मिळेल. मला ते शंभर टक्के पटतं. बेस असलेली मुलगी महिनोन्‌महिने दंडाचा व्यायाम करते ते मैत्रीण हातातून निसटू नये म्हणून, आणि फोटोत कुणी तिच्याकडे बघत पण नाही.

ट्रायआउटच्या आधी कोचला तीन गोष्टी विचारा : त्यांनी स्वतः स्टंटचं ट्रेनिंग घेतलंय का, नवीन स्टंट मॅटवर शिकवतात का, आणि डोक्याला लागलं तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय परत उतरवत नाहीत ना. उत्तर गुळमुळीत आलं तर थांबा. नीट आलं तर पहिल्या मॅचला सासूबाईंना घेऊन जा, वरच्या मुलीकडे सगळेच बघतात, त्यांना खालच्या तिघींचे हात बघायला सांगा.