‘बोलावतो’ म्हणाले, म्हणून दोन वर्षं थांबलात?

प्रश्न : मी एका मोठ्या संस्थेच्या सोलापुरातल्या कार्यालयात फेब्रुवारी २०१८ ते ३१ मार्च २०२४ डेटा एन्ट्री ऑपरेटर होतो. या काळात तीन एजन्सी बदलल्या. टेबल, खुर्ची आणि साहेब तेच राहिले. शेवटच्या एजन्सीचं टेंडर संपलं तेव्हा दोन-तीन कागदांवर सह्या घेतल्या, प्रती दिल्या नाहीत. ‘नवी एजन्सी आली की बोलावतो’ असं साहेब म्हणाले. दोन महिन्यांचा पगार बाकी आहे, मधल्या एजन्सीच्या काळातला पीएफही दिसत नाही. आता नवी एजन्सी फॉर्म भरून घेतेय आणि ‘रजिस्ट्रेशन’चे २५ हजार मागतेय. मला संस्थेत कायम होता येईल का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : कायम होण्याचं नंतर बघू. तुमच्या पत्रात माझ्या कामाची गोष्ट एकच आहे, ३१ मार्च २०२४ ही तारीख. आज फेब्रुवारी २०२६ संपत आलाय.

कामावरून काढल्याचा वाद आधी कामगार आयुक्तांच्या तडजोड अधिकाऱ्यापुढे नेऊन मग थेट कामगार न्यायालयात जायला जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ३ वर्षांची मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तिच्यात तडजोड अधिकाऱ्यापुढे वाद न्यायलाच २ वर्षांची मुदत आहे. तुमचं काम जुन्या कायद्याच्या काळात सुटलं, म्हणून तुम्हाला ३ वर्षं मिळतात असं मी कोर्टात नक्की मांडेन. पण समोरचा वकील २ वर्षंच म्हणणार, आणि त्यावर निकाल यायला किती वर्षं लागतील ते मला विचारू नका. हा वाद अंगावर घ्यायची गरजच नाही. ३१ मार्चच्या आत अर्ज दाखल केलात की तो उद्भवतच नाही.

साहेबांच्या ‘बोलावतो’ या शब्दाने मुदत एक दिवसानेही वाढत नाही. आपल्याकडे लोक आधी गड्ड्याची यात्रा होऊ द्या म्हणतात, मग पोरांच्या परीक्षा होऊ द्या म्हणतात, आणि मुदत उलटल्यावर वकिलाचा जिना चढतात. तुम्ही महिनाभर आधी आलात, तेवढं नशीब.

अर्ज कुठे करायचा ते संस्था केंद्राची की राज्याची यावर ठरतं, आणि नेमकं तेच तुम्ही लिहिलेलं नाही. बँक, विमा, रेल्वे किंवा केंद्राचा सार्वजनिक उपक्रम असेल तर केंद्रीय कामगार आयुक्तांची यंत्रणा. एरवी इथलं सहायक कामगार आयुक्त कार्यालय. चुकीच्या दारात गेलात तर सहा महिन्यांनी ‘आमच्या अधिकारात नाही’ एवढं एका ओळीचं पत्र येतं. शंका असेल तर दोन्हीकडे द्या. अर्जात शेवटची एजन्सी आणि संस्था, दोघांनाही सामनेवाले करा. फक्त एजन्सीला केलंत तर ती ‘आमचं टेंडरच संपलं’ म्हणून हात झटकेल. अर्ज हातात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. तडजोडीत साधारण ४५ दिवस जातात. ती फसल्याचा अहवाल आला की नव्या संहितेत पुढे न्यायाधिकरणाकडे जायला ९० दिवस आहेत. अहवाल हातात येताच ही दुसरी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, कारण पहिली तारीख पाळून दुसरी चुकवणारे मी पुष्कळ पाहिलेत.

तुमचे मित्र ‘अनुचित कामगार प्रथा’ कायद्याखाली औद्योगिक न्यायालयात जायला सुचवतील. तिथे मुदत ९० दिवसांची होती, ती कधीच गेली. शिवाय मालक-नोकर हे नातंच समोरच्याला मान्य नसेल तर कंत्राटी कामगाराला त्या कायद्याखाली थेट तक्रार करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितलंय. त्यावर पैसे घालवू नका.

आता कायम होण्याचं. आशा लावणार नाही. कंत्राट बंद झालं म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, हा २००१ चा स्टील अथॉरिटीच्या प्रकरणातला घटनापीठाचा निकाल आहे. एजन्सी नुसती कागदावरची होती आणि खरा मालक संस्थाच होती, हे पुराव्याने सिद्ध केलं तरच दार उघडतं. त्यातही संस्था सरकारी असेल तर रीतसर भरतीशिवाय लागलेल्यांना कायम करता येत नाही, असं सांगणारा २००६ चा उमादेवी निकाल आडवा येतो. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वर्षानुवर्षं राबवून घेतलेल्यांना कायम करायला सांगितलं, तो निकाल मोबाइलवर बराच फिरला. पण ती माणसं थेट नेमलेली होती, एजन्सीमार्फत नव्हती. तुमच्या बाजूने तो वाचता येईल, त्यावर घर बांधता येणार नाही.

पुरावा कसला? तुमची रजा कोण मंजूर करायचं, चूक झाली तर मेमो कोण द्यायचं, बायोमेट्रिक कुणाचं होतं, गेटपासवर सही कुणाची होती. साहेबांनी व्हॉट्सअॅपवर दिलेली कामं, संस्थेच्या ईमेलवरून आलेली पत्रं, सगळं काढा. वर्षात २४० दिवस काम केल्याचं सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो, म्हणून बँक पासबुकातल्या सहा वर्षांच्या पगाराच्या नोंदी आधी छापून घ्या. संस्था सरकारी असेल तर तिन्ही एजन्सींच्या कार्यादेशांच्या (वर्क ऑर्डरच्या) प्रती माहिती अधिकारात मागा. मात्र त्या उत्तरासाठी ३० दिवस वाट बघत मूळ अर्ज लांबवू नका.

आणि ते कागद. प्रत न घेता सही? सहा वर्षं कॉम्प्युटरवर बसलेला माणूस समोरच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढत नाही, याला काय म्हणायचं! त्यात स्वेच्छेचा राजीनामा असू शकतो, ‘माझं काही येणं बाकी नाही’ असंही असू शकतं. दुसरं असेल तर बरं, कारण दोन महिन्यांचा पगार खात्यात जमाच नाही, पासबुकच त्या कागदाला खोटं पाडेल. राजीनामा असेल तर अवघड आहे. म्हणून अर्जातच लिहा, की कोऱ्या किंवा न वाचू दिलेल्या कागदांवर सह्या घेतल्या आणि प्रती दिल्या नाहीत. हे खरं असेल तरच लिहा. पहिल्याच अर्जात लिहिलेलं टिकतं, उलटतपासणीत आठवलेलं टिकत नाही.

थकलेल्या पगाराचं त्यामानाने सोपं आहे. ठेकेदाराने दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून कापायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं, कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याच्या नव्या संहितेनेही ते ठेवलंय. इथे मुदतीची गंमत उलटी आहे. वेतनाच्या दाव्याला जुनी मुदत १२ महिने होती, नव्या वेतन संहितेत ती ३ वर्षं आहे. २०२४ च्या पगाराला कुठली लागू, यावर सामनेवाले भांडतील. भांडू द्या, संस्थेला लेखी मागणी आजच पाठवा. पीएफसाठी यूएएनचं (तुमच्या पीएफ खाते क्रमांकाचं) पासबुक डाउनलोड करून पीएफ कार्यालयात वेगळी तक्रार करा. पगार स्लिपवर कपात दिसत असेल तर ती स्लिप सोन्यासारखी जपा. ग्रॅच्युइटीबद्दल आत्ता ठाम काही सांगत नाही. सलग ५ वर्षं तीन एजन्सींमध्ये विभागलेली आहेत, आणि ती जोडायची तर आधी खरा मालक कोण ते ठरावं लागेल.

राहिली नवी एजन्सी. तिच्याकडे काम मिळत असेल तर घ्या, घर चालायला हवं. जुना वाद चालू ठेवून नवं काम करता येतं. मात्र कामावरून काढल्यानंतरच्या काळाचा पगार मिळायची वेळ आली तर ही कमाई त्यातून वजा होईल. २५ हजार देऊ नका. रोखीने तर नाहीच. टेंडर खरोखर या एजन्सीला मिळालंय का, ते आधी संस्थेच्या कार्यालयात जाऊन विचारा. पैसे घेऊन काम दिलंच नाही तर फसवणुकीचा गुन्हा होतो. पण काम दिलं आणि चार महिन्यांनी काढलं, तर पोलीस ‘काम तर मिळालं होतं ना’ म्हणून परत पाठवतील.

फॉर्ममध्ये ‘पूर्वीच्या सेवेबाबत माझा कोणताही दावा नाही’ असं वाक्य शोधा. असेल तर खोडून, शेजारी सही करून द्या, आणि या वेळी फोटो काढा. खोडू देत नसतील तर तो फॉर्म घेऊन आधी माझ्याकडे किंवा कुठल्याही कामगार वकिलाकडे या. कामगार आयुक्तांकडचा अर्ज मात्र त्या सहीच्या आधी गेलेला असला पाहिजे.