बांधावरचा दगड

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतकऱ्याने नांगरताना वर आलेला विष्ठाश्म, म्हणजे दगड झालेली विष्ठा, बांधावर ठेवून दिला होता, तो तू उचलून आणलास. आता प्रबंधात 'थरातून काढला' असं लिहू का, म्हणून विचारतोस. तुझे मार्गदर्शक म्हणतात, थर तर तोच, काय बिघडतं? बिघडतं. बांधावरून उचललास ना? मग नमुन्याच्या चिठ्ठीवर 'बांधावरून उचलला' असं लिही.

तुझ्या हातात काय आहे ते आधी नीट बघ. माळावर पडलेलं शेण शेणकिडे, ऊन आणि पाऊस मिळून काही दिवसांत संपवतात. डायनोसॉरची विष्ठा दगड व्हायची तर ती विस्कटण्याआधी गाळाखाली जायला हवी, हवेचा संपर्क तुटायला हवा, मग भूजलातली खनिजं कणाकणाने तिच्यात मुरायला हवीत. तुझा तुकडा या सगळ्यातून वाचला आहे. गवताचं तर आणखी नवल. ते जिवंतपणीच मुळांतून आलेली सिलिका, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, पेशींत कणाकणाने साठवत असतं. पातं बोटाला कापतं ते त्यामुळेच. पान चावलं गेलं, पचलं, कुजलं, तरी ते कण उरतात. २००५ साली पिसदुऱ्याच्याच विष्ठाश्मांत निदान ५ प्रकारच्या गवतांचे असे कण सापडल्याचं प्रसिद्ध झालं, आणि डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच ही समजूत कोसळली. कशाच्या जोरावर? ते तुकडे कुठले, हे माहीत होतं म्हणून. तोच तुकडा कुणाच्या दिवाणखान्यात काचेखाली ठेवला असता तर नुसता दगड राहिला असता.

ती बातमी वाचली त्या संध्याकाळी मी माळ्यावरची माझी पेटी उतरवली. त्यात १९८३ साली गोळा केलेले २७ तुकडे होते, सगळे विष्ठाश्म. प्रत्येकाला माझ्या अक्षरातली चिठ्ठी: 'पिसदुरा, लाल माती'. आणि मला पक्कं आठवत होतं की त्यातले काही जवळच्या डोंगरगावचे होते. कोणते, ते मात्र आठवेना. बाईला एकटीला फिल्डवर पाठवत नसत तेव्हा. जीप पाचला परतायची, नमुने एकाच गोणीत भरले जायचे आणि रात्री विश्रामगृहाच्या कंदिलात वरिष्ठ म्हणायचे, 'लिहून टाका पिसदुरा.' मी लिहून टाकलं. हे कारण खोटं नाही. त्या दिवसांत कुणी दुसरी असती तर तिला तेवढंही गोळा करता आलं नसतं, असं मला आजही वाटतं. पण पेन्सिल माझ्या खिशात होती. दुपारी बांधावर बसून दोन शब्द लिहायला जीप आडवी आली नव्हती.

सिरोंच्याजवळ वडधमला जाऊन ये एकदा. तिथली दगड झालेली खोडं लांबून लाकडासारखीच दिसतात. हातोडी लावली की खणकन वाजतात. पाण्यातून आलेली सिलिका पेशींच्या पोकळ्यांत बसत गेली, पुढे पेशींच्या भिंतींचीही जागा तिने घेतली. अमुक दिवशी झाडाचा दगड झाला, असं बोट दाखवता येत नाही. माझं तसंच झालं. पहिली चिठ्ठी अंदाजाने लिहिली तेव्हा काहीही झालं नाही, म्हणून दुसरी लिहिली. मग वर्गात तीच टिपणं वर्षानुवर्षं वाचून दाखवली. मुलाने शंका काढली की 'पुस्तकात तसंच आहे' म्हणून बसवायला लागले. अक्षर तेच, आवाज तोच, लोकांना मीच दिसत होते. म्हणून सांगते, बांधावरचा असेल तर बांधावरचा लिही.

मार्गदर्शक नाराज होतील म्हणतोस. होऊ देत! १९८९ मध्ये जॉन टॅलेंट या ऑस्ट्रेलियन संशोधकाने 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिहिलं, की हिमालयातले म्हणून छापले गेलेले कित्येक जीवाश्म तिथले असूच शकत नाहीत. त्या निबंधांवर विसंबून ज्यांनी आपलं काम उभं केलं, त्यांचा विचार कर. त्यांनी काय चूक केली होती? ते निबंध म्हणजे हेतुपुरस्सर केलेली लबाडी होती, तुझं तसं नाही, हे मला कळतं. पण पुढे तुझा प्रबंध वाचणाऱ्याच्या हातात तुझा हेतू नसतो रे, चिठ्ठी असते.

आणि 'बांधावरून' लिहिल्याने तुझं काम हलकं पडेल ही भीती काढून टाक. पिसदुऱ्यात बरंचसं सामान शेतातच सुटं मिळतं, या विषयातल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. बांधावरचा तुकडाही कापता येतो, त्यातले कण पाहता येतात. फक्त थराबद्दल जेवढं म्हणता येईल तेवढंच म्हण.

माझी पेटी तुझ्याकडे पाठवते आहे. जुन्या चिठ्ठ्या काढलेल्या नाहीत, शेजारी नव्या लावल्या आहेत: 'पिसदुरा किंवा डोंगरगाव, नक्की ठाऊक नाही, १९८३.' २७ वेळा लिहिताना हात जड झाला.

तू त्या शेतकऱ्याकडे परत जा. दगड नांगराच्या कुठल्या तासात वर आला ते त्यांना दाखवायला सांग, तिथे उभा राहून वहीत लिही. त्यांनी सांगितलेलं त्यांच्या नावावर, तू पाहिलेलं तुझ्या. पेरणीआधी जा, पाऊस लागला की ती माती पाय उचलू देत नाही.

तुझ्या,
मॅडम