खलनायक आधी, विश्व मागून

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, गोष्ट रचत खेळायच्या खेळात तू सूत्रधार होणार, आणि पहिल्याच मोहिमेसाठी (अनेक बैठकांत चालणाऱ्या कथेसाठी) तू वरचे सात लोक आणि खालची सात पाताळं आखायला घेतलीस. हौस कळते, पण आधी खलनायक घे. त्याला काय हवंय आणि खेळाडूंनी काहीच केलं नाही तर येत्या अमावास्येपर्यंत काय घडेल, एवढं वहीत लिही.

हिरण्यकशिपूचा वर आठव. माणसाकडून नाही, पशूकडून नाही; घरात नाही, बाहेर नाही; दिवसा नाही, रात्री नाही. त्याचा माज, त्याचं भय आणि त्याचा मृत्यू, तिन्ही त्या एका वरात आहेत. म्हणून तर उंबरठा आणि सांजवेळ! तुझ्या राक्षसाला नुसते २०० हिट पॉइंट (किती मार सोसून जगेल त्याचे गुण) देऊ नकोस, असा एक करार दे. त्यातली फट खेळाडूंना शोधू दे. सुगावे मात्र तीन जागी पेर, एखादा हमखास निसटतो.

दुसरा नमुना बळीराजा. वामनाने त्याला सुतलात धाडलं, तरी आपण दिवाळीत ‘बळीचं राज्य येवो’ म्हणतो. प्रजेचा लाडका असलेला शत्रू आला की खेळाडूंमध्येच वाद पेटतात. माझी सगळ्यात रंगलेली सत्रं तीच.

विश्वरचना यातूनच सुचते: वर कोणी दिला, मेलेले कुठे जातात, सुतलाचं दार कुठे उघडतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं, त्यातलं बाह्य लोकांचं, म्हणजे पलीकडच्या जगांचं, चक्रसुद्धा नंतर रचलं गेलं. तू बाकीचे लोक कोरे ठेव. खेळाडू ज्या दाराकडे वळतील, त्यामागचा लोक तेवढाच पुढच्या रविवारपर्यंत रंगव.