डार्क गेम घेताना कव्हर सोड, मारामारीनंतरचा आठवडा बघ

तुझा प्रश्न मला समजला तो असा: टेबलावर बसून खेळायचा रोलप्ले गेम, चार प्लेअर आणि तू डीएम म्हणजे गेम चालवणारा, बराच काळ फाइव्ह-ई (डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी एडिशन) खेळताय, कुणी मरतच नाही म्हणून सगळ्यांना कंटाळा आलाय, आता काहीतरी डार्क-ग्रिटी घ्यायचंय आणि मोर्क बोर्ग, वॉरहॅमर आणि झ्वायहेंडर यातलं 'खरं डार्क' कोणतं ते कळत नाहीये कारण तिन्हींच्या जाहिरातीत कवट्या, रक्त आणि चिखलच आहे.

तर पहिलं म्हणजे कवट्या मोजू नकोस. आर्ट आणि लोअर (त्या जगाची गोष्ट) कुणीही काळं करू शकतो, मी तर असे गेम बघितलेत ज्यात पहिली साठ पानं जग कसं सडलंय ते सांगतात आणि मग रूल्स उघडले की कॅरेक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी ठणठणीत. मी एकच गोष्ट बघतो, गेम तुमच्याकडून किंमत कसली वसूल करतो आणि ती देताना प्लेअरला काही निवडायला लागतं का. नुसतं वसूल करत असेल तर तो छळ, निवडायला लावत असेल तर गेम.

फाइव्ह-ई मध्ये प्रॉब्लेम कुठे आहे ते आधी बघू म्हणजे बाकीचं सोपं जाईल. आठ तास झोपलं की सगळे हिट पॉईंट (जीव किती उरला तो आकडा) परत, आणि शून्यावर पडलेल्याला क्लेरिकने, म्हणजे पार्टीतल्या पुजाऱ्याने, लांबूनच हीलिंग वर्ड हा बरं करणारा मंत्र टाकला की तो उठून परत तलवार चालवायला मोकळा, म्हणजे पडणं हा फार तर एका टर्नचा तोटा. २०१४ च्या डीएमजी (डीएमसाठीचं अधिकृत पुस्तक) मध्ये 'ग्रिटी रिअॅलिझम' नावाचा ऑप्शन आहे, शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची करायची. फुकट आहे, आधी ते लावून बघ असं मी कुणालाही सांगेन, पण त्याने काय होतं तर प्लेअर म्हणतात ठीके, आम्ही सात दिवस सरायमध्ये थांबतो. त्या सात दिवसांत जगात काही घडत नसेल, खायला पैसे लागत नसतील, शत्रू पुढे सरकत नसेल तर तू फक्त कॅलेंडरची पानं उलटतोयस. जखम महाग व्हायला वेळ महाग असायला लागतो, आणि ते त्या एका ऑप्शनमध्ये नाहीये, ते तुलाच घालावं लागतं.

म्हणून नवीन पुस्तक हातात आलं की मी कॉम्बॅट चॅप्टर नंतर वाचतो. भाड्याचं घर बघायला गेलं की शहाणा माणूस हॉलची टाइल्स न बघता आधी नळ सोडून बघतो ना, तसं मी आधी हीलिंग, पैसा आणि दोन अॅडव्हेंचरच्या मधला काळ ही पानं उघडतो. तिथे पाणी येत नसेल तर पुढचं सगळं डेकोरेशन.

या टेस्टला वॉरहॅमर फँटसी रोलप्ले सगळ्यात छान उतरतो, मी चौथ्या एडिशनबद्दल बोलतोय, २०१८ ची, क्यूबिकल सेव्हनची. मूळ गेम १९८६ चा, गेम्स वर्कशॉपचा. इथे तू हिरो म्हणून सुरू करत नाहीस, डाईस टाकून करिअर म्हणजे धंदा रोल करतोस, ६४ करिअर आहेत आणि त्यात भिकारी, उंदीर पकडणारा, थडगी उकरणारा असले लोक आहेत. रोल केलं ते मुकाट घेतलं तर जास्त एक्सपी (अनुभवाचे पॉईंट) मिळतो, आवडलं नाही म्हणून स्वतः निवडलं तर तो सोडायचा, म्हणजे किंमत कॅरेक्टर बनवतानाच सुरू झाली. उंदीरवाल्याला सामानात एक छोटा पण चावरा कुत्रा मिळतो आणि जुन्या प्लेअर लोकांचं त्या कुत्र्यावर जेवढं प्रेम आहे तेवढं कुठल्याच ड्रॅगनवर नाही. वार करताना शंभरापर्यंतचा डाईस रोल, त्याचेच आकडे उलटे वाचले की वार कुठे लागला ते कळतं, डोकं, हात, पाय. क्रिटिकल म्हणजे जबर वार लागला तर त्या अवयवाचं वेगळं टेबल. मारामारी संपल्यावर परत एक टेस्ट, ती हुकली की जखमेत इन्फेक्शन. मोठी जखम असेल तर सर्जन शोधा, त्याला पैसे द्या. आणि पैशाचं बघ कसं केलंय, दोन अॅडव्हेंचरच्या मध्ये हातातले पैसे उडाले असंच धरायचं, वाचवायचे असतील तर ते कुठेतरी ठेवायची सोय करण्यात त्या काळातला वेळ घालवायचा. म्हणजे पुढच्या वेळी परत कुणाच्यातरी दारात काम मागायला उभे. एवढ्या एका नियमामुळे पार्टी कायम भुकेली राहते आणि डीएमला हुक (नव्या अॅडव्हेंचरचं आमिष) टाकायला कष्टच पडत नाहीत.

पण फॅन असलो तरी सांगतो, कॉम्बॅट गोड नाहीये. चौथ्या एडिशनमध्ये अॅडव्हान्टेज नावाचा प्रकार आहे, तू मारत गेलास की प्रत्येक वेळी पुढच्या टेस्टला अधिक दहा, म्हणजे जो पहिल्या दोन राऊंडला वर गेला तो वरच, आणि समोरचा बिचारा नुसता मार खातो. चिल्लर गुंडांनी ढीग अॅडव्हान्टेज जमवून तगड्या सैनिकाला लोळवला हे बऱ्याच टेबलांवर घडतं. कोअर बुकात त्याला मर्यादा घालायचा ऑप्शन आहे आणि नंतरच्या अप इन आर्म्स या पुस्तकात पूर्ण गटाचा एकच अॅडव्हान्टेज साठा अशी पद्धत दिली, ती मला बरी वाटते. शिवाय कंडिशन (कॅरेक्टरची अवस्था), सक्सेस लेव्हल (टेस्ट किती फरकाने जमली), चिलखताचे पॉईंट अवयवानुसार वेगळे, एवढ्या नोंदी ठेवायचा ज्याला वैताग येतो त्याला हा गेम रुचणार नाही, सरळ आहे.

आणि एक गोष्ट कव्हरवरून कळत नाही, वॉरहॅमर विनोदी आहे. काळा विनोद पण विनोदच. जमीनदार मूर्ख, पुजारी लबाड, आणि हे सगळं चालू असताना तळघरात काहीतरी भयंकर. जो डार्क गेम हसूच देत नाही तो तिसऱ्या-चौथ्या सेशनला बधिर करतो, मग गावातली शंभर माणसं मेली सांगितलं तरी प्लेअर म्हणतो बरं, लूट काय आहे.

झ्वायहेंडर बद्दल फार लिहीत नाही. २०१७ चा, जुन्या वॉरहॅमरच्या वाटेने गेलेला, एनी हे रोलप्ले गेमचं अवॉर्ड पण मिळालंय, पुस्तक इतकं जाड की झोपेत छातीवर पडलं तर क्रिटिकल लागेल. त्यात शरीराची इजा आणि मनावरचा ताण असे दोन वेगळे ट्रॅक आहेत, ते मला आवडतात, आणि जग बांधलेलं नाहीये त्यामुळे स्वतःचं सेटिंग असेल तर सोयीचं. पण तुम्ही पहिल्यांदाच या बाजूला येताय, तयार जग आणि तयार कॅम्पेन हवं असणार, मग मूळ गेमच घ्या. एनिमी विदिन हे त्याचं १९८६ ला सुरू झालेलं कॅम्पेन आता पाच भागांत नव्याने मिळतं, वर्षभराची निश्चिंती.

मोर्क बोर्ग वेगळी जात आहे. स्वीडिश, पिवळंजर्द पुस्तक, ९६ पानं, आणि त्यातले रूल्स सगळे मिळून चार-पाच कागदांवर मावतील. लोक म्हणतात नुसती स्टाइल आहे, मला नाही पटत. बघ, हिट पॉईंट शून्यावर आले की एक डी-फोर (चार बाजूंचा डाईस) टाकायचा: बेशुद्ध, हात-पाय किंवा डोळा गेला, रक्तस्राव होऊन थोड्या वेळात मरण, किंवा तिथल्या तिथे खलास. शून्याच्या खाली गेलात तर रोलसुद्धा नाही. आणि नवीन कॅरेक्टर पाच मिनिटांत. हे फार महत्त्वाचंय आणि रिव्ह्यू लिहिणारे विसरतात: मरण स्वस्त ठेवायचं तर जन्म पण स्वस्त पाहिजे. ज्या गेममध्ये कॅरेक्टर बनवायला पूर्ण संध्याकाळ जाते आणि तो पहिल्याच दारामागे मरतो तिथे प्लेअर पुढच्या वेळी येत नाही, किंवा येतो पण कॅरेक्टरला नाव पण देत नाही.

आणि त्याचं कॅलेंडर. रोज पहाटे डीएम एक डाईस टाकतो, कोणता ते आधीच ठरवलेलं, शंभराचा घेतला तर जग रेंगाळत मरतं आणि दोनाचा घेतला तर साधारण दोन आठवड्यांत आटोपतं. एक पडला की एक अरिष्ट. सातवं आलं की जग संपलं, गेम संपला, पुस्तक जाळा असं लिहिलंय (जाळू नका, शिपिंग आणि कस्टम धरून किती पडतं ते तुला माहितीये). म्हणजे मी वर म्हटलं ना वेळ महाग पाहिजे, तो इथे एका डाईसमध्ये महाग केलाय. फक्त हा लांब कॅम्पेनचा गेम नाही. तीन-चार सेशन, फार तर सहा. रूल्सची बेअर बोन्स आवृत्ती अधिकृतपणे फुकट आहे, वाचून मग ठरव.

आता तू विचारलं नाहीस त्याबद्दल लिहितो कारण माझ्या मते डार्क या शब्दाला सगळ्यात जागणारा गेम फँटसी नाहीच. डेल्टा ग्रीन. आधी १९९७ ला कॉल ऑफ क्थुलू या हॉरर गेमचं सोर्सबुक म्हणून आला, २०१६ पासून स्वतःचे रूल्स. तुम्ही अमेरिकन सरकारी माणसं, एफबीआय, सैन्य, डॉक्टर वगैरे, आणि गुपचूप अशा गोष्टी दडपता ज्या अस्तित्वातच नाहीत असं जगाला वाटलं पाहिजे. भूत-राक्षस सोड, कॅरेक्टर शीटवर एक कॉलम आहे बॉन्ड्सचा: बायको, मुलगी, जुना मित्र, प्रत्येकापुढे आकडा. भयंकर काही बघितलं आणि सॅनिटी (डोकं किती ठिकाणावर आहे तो आकडा) जाणार असेल तर ती थोडी वाचवता येते, विलपॉवर खर्चून, आणि जेवढी वाचवली तेवढा एका बॉन्डचा आकडा खाली. म्हणजे तू शाबूत राहिलास, घरी जाऊन मुलीवर खेकसलास. निवड तुझी. डीएमने काही भयानक वर्णन करायची गरजच नाही, प्लेअर स्वतः पेन्सिलने मुलीच्या नावापुढचा आकडा खोडतो.

याच्या पुढचं तर मला अजून जास्त ग्रेट वाटतं. हिंसा बघून बघून कॅरेक्टर निबर होऊ शकतो, मग हिंसेमुळे सॅनिटी जातच नाही. दुसऱ्या गेममध्ये हे बक्षीस असतं. इथे त्याच क्षणी करिष्मा कमी आणि सगळे बॉन्ड्स पण कमी. जो माणूस मुडदा बघून हलत नाही त्याच्याजवळ घरचे लोक पण बसत नाहीत, हे एका नियमात सांगून टाकलं, भाषण नाही. आणि बंदुकांचं लेथॅलिटी रेटिंग, मोठ्या शस्त्राच्या समोर आलात तर हिट पॉईंट मोजायच्या आधीच शंभराच्या एका रोलवर मरण, त्यामुळे प्लेअर मारामारी टाळतात, खोटं बोलतात, पळतात. मिशनच्या मधले घरचे सीन पण असेच, थेरपी घे, कुटुंबाला वेळ दे, नाहीतर केसच्या मागे लागून राहा आणि संसाराचं वाटोळं कर.

ब्लेड्स इन द डार्क हा गेम पण कुणीकुणी सुचवतं. गेम झकास आहे, २०१७ चा, चोरांची टोळी, स्ट्रेसचे नऊ चौकोन, ते भरले की ट्रॉमा आणि चार ट्रॉमा झाले की माणूस कायमचा बाद. पण तिथे तुम्ही हुशार आणि स्टायलिश असता, फ्लॅशबॅक टाकून, म्हणजे 'ही तयारी मी आधीच केली होती' असं सांगून, सुटता. डार्क आहे, ग्रिटी म्हणता येणार नाही. टॉर्चबेअरर या गेमचं बरोबर उलटं, मशाल दोन टर्न टिकते, दर चार टर्नला काहीतरी मागे लागतं, भूक, मग थकवा, आजारपण, अगदी हाडापर्यंत ग्रिटी, पण ज्याला सामानाच्या यादीत मजा येते त्यालाच. फाइव्ह-ई मधून थेट तिथे उडी मारलीत तर दोन प्लेअर गळतील.

टेबलाबद्दल बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. सेशन झिरो, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीची बोलायची बैठक, कर, आणि नुसतं 'कुणाला काही प्रॉब्लेम नाही ना' असं विचारून नको, त्याला सगळे नाही म्हणतात. कोणत्या गोष्टी गेममध्ये येणारच नाहीत आणि कोणत्या पडद्याआड होतील हे कागदावर लिहून घ्या. एक्स-कार्ड (नको ते आलं की दाखवून थांबवायचं कार्ड) टेबलावर ठेवा, २०१३ पासून लोक वापरतायत, त्याने गेमचा दम जात नाही. उलट थांबता येतं हे माहीत असलं की लोक जास्त लांब जातात. आपल्याकडे एक जादा मुद्दा आहे. वॉरहॅमरमध्ये समाजातला दर्जा हा रूल आहे, पितळ, चांदी, सोनं असे थर, आणि खालच्याला वरचा बोलूच देत नाही. युरोपियन प्लेअरला तो इतिहास वाटतो. आपल्या टेबलावर बसलेल्या एखाद्याच्या घरात ती गोष्ट आजीने भोगलेली असू शकते, तो हसत खेळेल आणि घरी जाऊन परत येणार नाही. तसंच कुणीतरी १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगवर होमब्रू (घरी बनवलेला गेम) करायचं म्हणत होतं, आयडिया जबरदस्त आहे, घरझडत्या, क्वारंटाईन कॅम्प, रँडचा खून, सगळं तयार मटेरियल, पण तिथे पाटी कोरी नाहीये, आडनावं खरी आहेत. आधी विचारा.

आणि डीएम म्हणून तुझ्यासाठी, रोल उघड्यावर टाक. पडद्यामागे एकदा जरी तू क्रिट लपवलास आणि त्यांच्या लक्षात आलं, की संपलं, मग तू जगातला सगळ्यात क्रूर गेम आण, त्यांना माहितीये दादा मरू देणार नाही. ते तुला जमत नसेल तर नवीन पुस्तकावर पैसे घालवू नकोस, खरंच.

मी तुझ्या जागी असतो तर आत्ता काहीच विकत घेतलं नसतं. डेल्टा ग्रीनचं नीड टू नो फुकट उतरवता येतं, त्यात लास्ट थिंग्ज लास्ट नावाचा छोटा सिनारिओ आहे, एका संध्याकाळी होतो, शेवटी प्लेअरना एक घाणेरडा निर्णय घ्यावा लागतो, काय ते सांगत नाही. पुढच्या आठवड्यात मोर्क बोर्ग बेअर बोन्सवर दोन सेशन. दोन्हीकडे मारामारी झाली की तिथे कट करू नकोस, पुढचे काही दिवस खेळा, कोण लंगडतोय, पैसे कुठून आणणार, घरी काय सांगितलं. त्या भागात लोक फोन बघायला लागले तर तुमच्या ग्रुपला ग्रिटी नकोय, फक्त अवघड फाइट्स हव्यात, आणि त्यासाठी फाइव्ह-ई मध्येच मॉन्स्टर तगडे कर. त्या भागात भांडायला लागले तर वॉरहॅमरचा स्टार्टर सेट घे, उबर्सराईक शहराचा, तयार कॅरेक्टर आहेत आणि पहिलं अॅडव्हेंचर रूल शिकवत शिकवत पुढे नेतं, कोअर बुक नंतर.

त्या चौघांत नोंदी ठेवायची आवड कुणाला आहे आणि मिनिटाला जोक कोण मारतं तेवढं इथे लिही, मग कोअर बुकातले कोणते रूल सुरुवातीला बंद ठेवायचे ते सांगतो.