यादी संपवायला निघालात, मीही तिथेच चुकले होते

सेलमध्ये तीस-एक गेम घेतले, 'प्रत्येक गेमरने एकदा तरी खेळायलाच हवेत' अशी शंभर गेमची यादी छापून टेबलासमोर लावली, कामावरून आल्यावर रोज जेमतेम तास मिळतो, तो वाया जाऊ नये म्हणून शेजारी मोबाईलवर वॉकथ्रू (गेम कसा पार करायचा ते पायरीपायरीने सांगणारा व्हिडिओ किंवा लेख) उघडा ठेवता, चार महिन्यांत अकरा गेम 'झाले' आणि त्यातला एकही नीट आठवत नाही. हे सगळं लिहून तुम्ही शेवटी विचारलंत की गेमिंग आपल्यासाठी नाहीच का. तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. २०२१ मध्ये मी हेच केलं होतं, जवळजवळ तंतोतंत. आणि तुम्ही न उघडलेल्या गेमची नावं दिली आहेत त्यात 'आउटर वाइल्ड्स' दिसला, म्हणून आज रात्रीचा खेळ बाजूला ठेवून हे लिहायला बसले.

आधीच सांगते, मी काही तज्ज्ञ नाही. बँकेत नोकरी, घरी सात वर्षांची मुलगी, ती झोपल्यावर साडेदहा ते सव्वाअकरा हा माझा वेळ. ऑनलाइन स्पर्धेचे गेम मी खेळत नाही, त्यामुळे त्याबद्दल माझं मत धरू नका. ग्राफिक्स कार्ड, कंट्रोलर वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल, त्यात जात नाही.

माझी चूक अशी. धाकट्या भावाने वाढदिवसाला मला आउटर वाइल्ड्स भेट दिला. आम्ही दोघं लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेमवर एकत्र कॉन्ट्रा खेळून वाढलो. त्याच्या वाटचे जीव संपले की तो माझे मागायचा, मी द्यायचे. त्याने फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, याच्याबद्दल काही म्हणजे काही वाचू नकोस. संपला की फोन कर, कितीही वाजलेले असोत."

तिसऱ्या रात्री मी अडकले. चाळीस मिनिटं एकाच ठिकाणी गेली, हाती काही लागलं नाही. यादीत पुढचे सत्तर गेम वाट बघत होते. म्हटलं, एवढ्यापुरता व्हिडिओ बघू. बघितला, सुटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडकले, पुन्हा बघितला. मग तर अडायच्या आधीच बघायला लागले. सातव्या रात्री गेम संपला. मी यादीवर बरोबरची खूण केली आणि भावाला फोन लावला.

तो आनंदाने विचारायला लागला. वाळूचं तुला कधी लक्षात आलं? तिथे आत कशी शिरलीस? पहिल्यांदा काय वाटलं? माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. व्हिडिओत बघितलं, असं सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "असू दे." त्याने तो गेम २०१९ मध्ये, आला तेव्हाच खेळला होता. बोलायला कोणीतरी हवं म्हणून दोन वर्षं थांबला होता. ते 'असू दे' मला अजून टोचतं.

इतर गेममध्ये हे चाललं असतं. तिथे गाईड बघून एखादा दरवाजा उघडला तरी पुढची लढाई तुम्हालाच लढायची असते. इथे तसं नाही. मोबियस डिजिटलने केलेल्या या गेममध्ये तुम्ही एका छोट्या सूर्यमालेतले नवखे अंतराळवीर असता आणि दर बावीस मिनिटांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. नवं हत्यार मिळत नाही, ताकद वाढत नाही, यानात सुधारणा होत नाहीत. मिळते ती फक्त माहिती. सगळं ठाऊक असलेला माणूस अगदी सुरुवातीलाच थेट शेवट गाठू शकतो, कारण मधली कुलपं सगळी आपल्या डोक्यात असतात. ती मी दुसऱ्याच्या किल्ल्यांनी उघडली, आणि आता विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. याला २०२० मध्ये बाफ्टाचा, म्हणजे ब्रिटिश अकादमीचा, सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार मिळाला. तो कशासाठी, हे मी माझ्या अनुभवातून सांगू शकत नाही, भावाचं ऐकून सांगते.

म्हणून 'एकदा तरी खेळा' याचा मी माझ्यापुरता वेगळा अर्थ घेते. काही गेम एकदाच खेळता येतात. तुमच्या यादीतले तसे गेम आधी ओळखा आणि त्यांच्यापासून वॉकथ्रू लांब ठेवा. बाकीच्यांना खुशाल गाईड वापरा, माझी काही हरकत नाही.

तसा दुसरा गेमही तुमच्याकडे आहे, 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. लुकस पोपने जवळजवळ एकट्याने केलेला, २०१८ चा. ईस्ट इंडिया कंपनीचं एक बेपत्ता झालेलं जहाज १८०७ मध्ये परत किनाऱ्याला लागतं, आणि विम्याच्या कामासाठी तुम्हाला ६० जणांचं काय झालं ते शोधायचं असतं: कोण, कसा मेला, कोणी मारला. जहाजावर आपल्याकडचे काही खलाशीही आहेत. तीन जणांचं उत्तर पूर्ण बरोबर आलं तरच गेम ते पक्कं करतो, त्यामुळे अंदाजपंचे ठोकत फार पुढे जाता येत नाही. हा मी आउटर वाइल्ड्सनंतर खेळायला घेतला आणि या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला. मुलीची एक जुनी शंभरपानी वही घेतली. साडेतीन आठवडे लागले. एका माणसाचं नाव मला दुपारी काउंटरवर पासबुक छापताना सुचलं, गेमसमोर नाही. आज इतके दिवस झाले तरी त्या जहाजावरचा कोण कुठे उभा होता ते मला सांगता येईल. यादीवरचे कितीतरी गेम मी 'संपवले', त्यातल्या एकाबद्दलही असं म्हणता येत नाही. एकच सांगते, कान उघडे ठेवून खेळा. याहून जास्त सांगणार नाही.

रोज एकच तास मिळतो म्हणून गाईड लागतं, असं तुम्ही लिहिलंय. मलाही तसंच वाटायचं. पण थोडा वेळ असणाऱ्यालाच हे गेम जास्त सोयीचे आहेत. बावीस मिनिटांचा फेरा म्हणजे रात्री दोन फेरे, मग झोप. यानातली नोंदवही तुम्हाला काय काय कळलं ते स्वतःच जपून ठेवते, चार दिवस खंड पडला तरी चालतं. याउलट 'रेड डेड रिडेम्प्शन २' सारखा प्रचंड गेम रोज तासभर खेळून बघा, घोड्यावरून पोचेपर्यंत झोपायची वेळ होते. गेम अप्रतिम आहे, वाद नाही. पण तो सुट्टीत घ्यावा, आणि १५० जीबी जागा मोकळी असेल तरच. तुमचा लॅपटॉप २५६ जीबीचा आहे म्हणता, तर तूर्त नादच सोडा.

यादी भिंतीवरून काढा, असं मी सांगणार. रागावू नका. त्या यादीत दोन वेगळ्या प्रकारचे गेम एकत्र कोंबलेले असतात. काही इतिहासासाठी महत्त्वाचे, काही आजही हातात घेतल्यावर पकडून ठेवणारे. १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घ्या. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून त्या राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली. माझ्या मामाच्या ऑफिसातल्या संगणकावर मी तो बघितला तेव्हा पडद्यावर माणूस खरोखर धडपडतोय असं वाटलं होतं. हे माहीत असायला हवं. पण एका तासाची मुदत अंगावर घेऊन आज तो पूर्ण करायलाच हवा का? मला वाटतं, अर्धा तास खेळा, पुरे. पटत नसेल तर सोडून द्या, हे माझं मत आहे.

सगळ्यांनी खेळावाच असा एकच सांगा म्हणाल तर 'पोर्टल', खोल्याखोल्यांतून कोडी सोडवत जायचा गेम. २००७ चा, व्हॉल्व्हचा, तीन-चार तासांचा, आणि तुमच्या लॅपटॉपवर आरामात चालेल. कुठेही सूचनांचा डोंगर नाही. एक खोली एक गोष्ट शिकवते, पुढची खोली तीच गोष्ट उलटी करून विचारते. गेम माणसाला शिकवतो कसा, हे यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं मी दुसरीकडे पाहिलं नाही. याचाही वॉकथ्रू नको. चक्कर येत असेल तर मध्ये थांबा. मला पहिल्या व्यक्तीच्या नजरेतून दिसणाऱ्या गेममध्ये मळमळतं, त्यावर खोलीत पूर्ण उजेड आणि पडद्यापासून हातभर लांब बसणं एवढाच उपाय मला लागू पडला. तुम्हाला पडेलच असं नाही.

अवघड म्हणून प्रसिद्ध असलेला 'डार्क सोल्स' तुम्ही दोन तासांत सोडलात आणि त्याची लाज वाटते म्हणता. कशाला वाटायला हवी? तो सगळ्यांसाठी नाही. पण एक विचारते, फायरलिंकहून, म्हणजे सुरुवातीच्या त्या विसाव्याच्या जागेहून, तुम्ही स्मशानाकडे गेला होतात का? सांगाडे पुन्हा पुन्हा मारत होते का? तिथे खूप जण चुकतात. ती वाट नंतरची आहे, वर चढत जाणारी वाट धरा आणि अजून एक संध्याकाळ द्या. इथे मात्र दुसऱ्यांची मदत घ्यायला मी हरकत घेणार नाही, कारण इतर खेळाडूंनी जमिनीवर सोडलेले निरोप हा त्या गेमचाच भाग आहे.

आणि यादीत नसलेला एक. 'राजी', २०२० चा, पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी वाडे, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेल्या कथा. लढाई मला काही ठिकाणी अडखळती वाटली आणि शेवट घाईचा. तरीही आपल्याकडच्या कमानी आणि जिन्यांवरून उड्या मारताना काय वाटतं ते एकदा अनुभवाच. परदेशी याद्यांत हा सापडणार नाही.

पैशांचं थोडं. स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे माझी एक वाईट सवय झाली होती. दोन तास व्हायच्या आत निकाल द्यायचा म्हणून घड्याळ बघत खेळायचे. पहिल्या दोन तासांत आउटर वाइल्ड्सचं काहीच कळत नाही, आणि तो तसाच आहे. जो ठेवायचा ठरवलाय त्याच्या बाबतीत ती मुदत विसरून जा.

सेव्हची, म्हणजे गेममध्ये कुठवर पोचलो ते साठवणाऱ्या फायलींची, नक्कल काढून ठेवा, हेही सांगून टाकते. लॅपटॉपचा पंखा आवाज करतो म्हणून मी तो दुरुस्तीला दिला. पावतीवर 'डेटाला हात लावू नये' असं माझ्या हाताने लिहिलं होतं, काउंटरवरच्या माणसाने त्यावर सहीसुद्धा केली होती. अठरा दिवसांनी लॅपटॉप परत आला तो कोरा. पंख्यासाठी फॉरमॅट कशाला केलं, याचं उत्तर तीन फेऱ्या मारूनही कोणी दिलं नाही, वर 'बॅकअप तुम्हीच घ्यायला हवा होता' असं ऐकवलं. 'विचर ३' चे सत्तर तास त्यात गेले. सेव्ह आपोआप इंटरनेटवर साठवणारा स्टीमचा क्लाउड मीच नेट वाचवायला बंद ठेवला होता. तेव्हा स्टीमच्या सेटिंगमध्ये क्लाउड चालू आहे ना बघा, आणि विचरच्या सेव्ह 'डॉक्युमेंट्स'मध्ये त्याच्याच नावाच्या फोल्डरात असतात, त्या महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्या. सत्तर तासांचं मला फार वाईट वाटलं, पण ते मी पुन्हा खेळू शकले. आउटर वाइल्ड्स नाही.

थोडं मात्र परत मिळालं. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच गेमचा जोडभाग आला, 'इकोज ऑफ द आय'. भावाने लिंक पाठवली, सोबत एक शब्दही नाही. मी तो वही घेऊन खेळले, पाच आठवडे. मध्ये भीती वाटायला लागली तेव्हा सेटिंगमधला भीती कमी करणारा पर्याय चालू केला, तुम्हीही करा, त्याने काही बिघडत नाही. अडले तेव्हा भावाला फक्त एवढंच विचारायचे, "मी बरोबर जागी आहे का?" तो हो किंवा नाही म्हणायचा. संपला तेव्हा पाऊण वाजला होता. फोन लावला. दोन वाजेपर्यंत आम्ही बोलत होतो, मुलगी उठेल म्हणून मी गॅलरीत उभी राहून.

तुमच्याकडे आउटर वाइल्ड्स अजून न उघडलेला आहे. आज पोर्टल लावा, पुढच्या आठवड्यात आउटर वाइल्ड्स. त्याच्या नावाने काही शोधू नका, या उत्तराखालच्या प्रतिक्रियासुद्धा वाचू नका, कोणीतरी नकळत काहीतरी लिहून जाईल. अडलात तर मला निरोप पाठवा. कुठल्या ग्रहावर आहात आणि तोपर्यंत काय कळलं तेवढं लिहा. मी हो, नाही किंवा 'अजून बघा' यांपैकी एकच उत्तर देईन. रात्री साडेदहानंतर.