स्मोकी युनिकच्या रेस गाड्यांची मॉडेल जमवायची आहेत; 1/18 ची तयार घ्यावीत की किट जोडावेत?

किट घ्या, आणि तेही 1/25 मापाचे. स्मोकी हा अमेरिकेतला रेस गाड्या बनवणारा मेकॅनिक; त्याची सगळी करामत इंचाइंचाची होती, आणि 1/25 मध्ये खरा एक इंच जवळपास एक मिलिमीटर होतो. जुन्या फोटोवरून फरक ताडला की तो पट्टीने थेट मॉडेलवर उतरवता येतो. तयार मॉडेलमध्ये बरेचदा काळा-सोनेरी रंग आणि 13 नंबर तेवढा स्मोकीचा असतो, बॉडी मात्र शोरूममधल्या गाडीची. या माणसाच्या बाबतीत मला ते चालत नाही.

पहिली गाडी शेव्हरोलेची शेव्हेलच करा. 1967 च्या डेटोना 500 या अमेरिकन रेसला ड्रायव्हर कर्टिस टर्नरने तिच्यावर ताशी 180.831 मैलांनी पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली होती. ही गाडी मूळ गाडीच्या 7/8 आकाराची होती ही दंतकथा आहे, पण ती खरी धरून मॉडेलची बॉडी आखूड करणारे लोक आहेत. विकत घेताना कॅलिपर (बारीक मोजमापाचं साधन) लावा. खऱ्या शेव्हेलचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) 115 इंच, म्हणजे 1/25 मध्ये 116.8 मिमी, आणि एकूण लांबी साधारण 200 मिमी. लांबी 175 मिमीच्या आसपास भरली तर ते मॉडेल दंतकथेवरून बनवलेलं आहे.

खरे बदल बारीक होते: बंपर बॉडीला चिकटवलेले, काचा पत्र्याच्या पातळीत, टपाच्या मागच्या कडेला जेमतेम दिसणारी उचल, वर घेतलेला फ्लोअर आणि चॅसीवर मागे सरकवलेली बॉडी. रेव्हेलच्या 1967 शेव्हेलच्या किटवर हे जमतं. बंपरच्या खुंट्या कापून तो आत बसवा, राहिलेली फट पुट्टीने भरा, वाळल्यावर 600 चा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा. टपासाठी 0.5 मिमीची स्टायरीन (प्लास्टिकची) पट्टी पुरते. चिकटवून रात्रभर ठेवा आणि मग पुढच्या बाजूने उतार द्या. घाई केली तर सॉल्व्हंटने मऊ झालेलं प्लास्टिक घासताना खचतं. बॉडी दोन मिमी मागे घेतली की चाक कमानीत पुढे सरकतं, म्हणून कमानीची पुढची कड तेवढीच कोरावी लागते.

गाडीखाली इंधनाची नळीही दाखवा. 2 इंच जाड, 11 फूट लांब नळीत 5 गॅलन जास्तीचं पेट्रोल मावायचं असं सांगतात. प्रत्यक्षात तेवढ्या नळीत 1.8 गॅलन, म्हणजे 6.8 लिटर मावतं. तरी रेसमध्ये तेवढंही फार. मॉडेलमध्ये ती 2 मिमी जाड आणि 134 मिमी लांब येते. सोल्डरची मऊ तार वापरा, वाकवलेली राहते.

रंगात आधी सोनेरी, मग मास्किंग (सोनेरी भाग टेपने झाकणं), मग काळा. सोनेरीखाली चकचकीत काळा बेस हवा, राखाडी प्रायमरवर तो मातकट दिसतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर स्प्रे मारू नका: सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळ्यावर दुधट झाक येते. पारदर्शक डिकलवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ चित्रावर) छापलेले सोनेरी आकडे काळ्या रंगावर विझून जातात. खाली पांढरा थर छापलेलेच डिकल मागवा आणि लावण्याआधी पृष्ठभाग ग्लॉस ठेवा, नाहीतर फिल्मखाली हवा अडकून चंदेरी डाग पडतात.

पुढे स्मोकीच्या पॉन्टियाक गाड्या घ्याल तेव्हा साल जपा. 1961 ची डेटोना 500 मार्विन पँचने जिंकली ती आदल्या वर्षीच्या, 1960 मॉडेलच्या 20 नंबर गाडीवर. 20 नंबर 1961 च्या बॉडीवर दिसला तर ते मॉडेल चुकीचं. 1962 ची विजेती गाडी 22 नंबरची, ड्रायव्हर फायरबॉल रॉबर्ट्सची. तिच्यासाठी एएमटी कंपनीचा 1962 पॉन्टियाक कॅटलिना किट चालतो. स्मोकीचीच, ड्रायव्हर हर्ब थॉमसची 92 नंबरची हडसन हॉर्नेट हवी असेल तर मोबियस कंपनीचा किट नवशिक्यालाही सोपा जातो.

1964 ची इंडियानापोलिसची गाडी, जिच्यात ड्रायव्हर डाव्या बाजूच्या वेगळ्या डब्यात बसायचा, ती मात्र घरी बनवायच्या फंदात पडू नका. रेझिनचं तयार मॉडेल शोधा आणि विक्रेत्याकडून तळाचा फोटो मागा. रेझिन वाकलं असेल तर चारपैकी एक चाक अधांतरी राहतं, आणि वरून काढलेल्या फोटोत ते कळत नाही.

जुन्या किटचे व्हायनिल टायर प्लास्टिकला टेकवून ठेवू नका. त्यातला तेलकट घटक पाझरतो आणि रिम वितळते. मध्ये फॉइल घाला.